शेवटचा कुठे आहे?

दापोलीहून निघालेल्या आम्हा सव्वीस जणांपैकी बहुतेक उतार उतरून खाडीकाठी जमले होते. समोरच्या काठावर धोपावे दिसत होतं. दाभोळच्या जेटीला फेरीबोट लागली, पुढची लोखंडी फळी खाली आली, मोटारी आणि दुचाक्या आत शिरू लागल्या. मासळीच्या टोपल्या घेतलेल्या दोघी कठड्याला टेकून बसल्यासुद्धा. आमच्यातले पुढचे दहा-बारा जण सायकली घेऊन फळीवर पाय ठेवणार, एवढ्यात आमच्या म्होरक्याने हात आडवा धरला आणि फोन लावला.

"शेवटचा कुठे आहे?"

पलीकडून उत्तर आलं, "बाई अजून उतारावर आहेत. ब्रेक जपून धरतायत. दहा मिनिटं लागतील."

ती बोट आमच्याशिवाय सुटली. आम्ही सावलीत बसलो, केळी खाल्ली, बाटल्या भरून घेतल्या. बाई आल्या, पाणी प्यायल्या, आणि पुढच्या बोटीने सव्वीसच्या सव्वीस जण धोपाव्याला उतरलो.

गेली बारा-तेरा वर्षं मी अशा अनेक दिवसांच्या सामूहिक राइडमध्ये भाग घेतो आहे. सुरुवातीला पुढे असायचो, मग मध्ये, आणि आता बहुतेक वेळा मागे राहायचं काम मागून घेतो. या काळात आपल्याकडे सायकली वाढल्या, क्लब वाढले, राइडच्या जाहिराती वाढल्या. नवा माणूस विचारतो ते प्रश्न ठरलेले असतात : रोज किती किलोमीटर? घाट किती? सायकल कुठली घेऊ? हे प्रश्न रास्तच आहेत आणि या लेखात त्यांची उत्तरं येतील. पण राइड चांगली की वाईट हे ठरतं दाभोळच्या जेटीवर विचारलेल्या त्या एका प्रश्नावर, असं माझं मत आता पक्कं झालं आहे. या साऱ्या प्रकाराचा आढावा मी त्याच अंगाने घेतो आहे.

सुरुवात कशी झाली

सायकलवरून दूर जाण्याची हौस सायकलइतकीच जुनी. मुंबईहून ऑक्टोबर १९२३ मध्ये सहा तरुण जगप्रदक्षिणेला निघाले आणि त्यांतल्या आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी १९२८ मध्ये ती पुरी केली. पण ती जिवलग मित्रांची मोहीम होती. एकमेकांना न ओळखणाऱ्या शेकडो लोकांनी पैसे भरून, नाव नोंदवून, ठरलेल्या मुक्कामांवर एकत्र सायकल चालवायची, ही कल्पना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली आहे.

अमेरिकेत ओहायो राज्यात १९६२ मध्ये चार्ल्स सिपल आणि त्यांचा मुलगा ग्रेग हे कोलंबस ते पोर्ट्समथ असे एका दिवशी गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. पुढच्या वर्षांत त्यांच्यामागे माणसं जमत गेली आणि बापलेकांच्या त्या फेरीचा हजारोंचा वार्षिक उत्सव झाला. हाच ग्रेग पुढे १९७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त झालेल्या 'बाइकसेंटेनियल'च्या संस्थापकांपैकी एक होता. ओरेगॉनच्या किनाऱ्यापासून व्हर्जिनियापर्यंत, सुमारे ६,८०० किलोमीटरच्या त्या मार्गावर चार हजारांहून अधिक माणसं सहभागी झाली. बरेच जण छोट्या तुकड्या करून, प्रत्येक तुकडीला एक म्होरक्या, अशा रीतीने गेले.

या सगळ्यांत सर्वाधिक गाजली ती आयोवा राज्यातली 'रॅगब्राय'. १९७३ मध्ये 'डे मॉइन रजिस्टर' या दैनिकातल्या जॉन कॅरस यांनी सहकारी स्तंभलेखक डोनाल्ड कॉल यांना सुचवलं की, राज्य सायकलवरून ओलांडू आणि वाटेतल्या गावांवर लिहू. वाचकांनाही सोबत येण्याचं निमंत्रण दिलं. तीनेकशे जण आले, त्यातले शंभरेक अखेरपर्यंत टिकले. त्यांत क्लॅरेन्स पिकार्ड नावाचे ८३ वर्षांचे गृहस्थ होते. सराव फारसा नव्हता आणि सायकल बायकांची, जुनी. लोकांना पुढच्या वर्षी पुन्हा राइड हवी झाली त्यात या म्हाताऱ्याच्या बातम्यांचा मोठा वाटा होता. आज जुलैच्या अखेरच्या आठवड्यात हजारो लोक मिसुरी नदीत मागचं चाक बुडवून निघतात आणि आठवड्याने मिसिसिपीत पुढचं चाक बुडवून थांबतात. दरवर्षी मार्ग बदलतो. मुक्कामाची गावं शाळांची मैदानं उघडून देतात, चर्चमधल्या बाया 'पाय' (pie) भाजून विकतात, शेतकरी मक्याची कणसं उकडून देतात. सामानाचे ट्रक पुढे जाऊन तंबूंच्या जागी उभे असतात.

हे वर्णन वाचून मराठी माणसाला दुसरंच काही आठवलं तर नवल नाही. त्याकडे पुढे येतो.

चार प्रकार

बाहेरून सगळ्या राइड सारख्याच दिसतात, पण त्यांचे हेतू वेगळे आणि नियमही वेगळे. नव्या माणसाची निम्मी निराशा चुकीच्या प्रकारात नाव नोंदवल्याने होते.

पहिला प्रकार वेळेशी बांधलेला. ब्रेवे म्हणतात तो हा. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. याचं मूळ फ्रान्समध्ये. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही १८९१ मध्ये शर्यत म्हणून सुरू झालेली १,२०० किलोमीटरची राइड आता दर चार वर्षांनी होते आणि तिची कमाल मुदत नव्वद तासांची. ब्रेवे ही शर्यत नाही, पहिला-दुसरा कोणी नाही. मात्र मदतीची गाडीही मागे नाही. पंक्चर स्वतः काढायचं, खाणं स्वतः शोधायचं. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर, कोल्हापूर इथे ब्रेवे करणारी मोठी मंडळी तयार झाली आहे. स्वावलंबन शिकायला याहून चांगली शाळा नाही. पण दिवसभर चालवून रात्री गप्पा मारत जेवायचं, अशी ज्याची कल्पना आहे त्याने इकडे येऊ नये.

दुसरा प्रकार टप्प्यांचा. रोज सत्तर ते सव्वाशे किलोमीटर, संध्याकाळी मुक्काम, सामान टेम्पोत, मेकॅनिक सोबत. दक्षिणेतली 'टूर ऑफ निलगिरीज' २००८ मध्ये सुरू झाली. ती आठवडाभराची, कर्नाटक, तमिळनाडू आणि केरळच्या डोंगरांतून जाणारी. मसिनगुडीकडून उटीला चढणारा छत्तीस वळणांचा कल्हट्टी घाट ज्याने बसून चढला, त्याला इतर घाटांचं भय उरत नाही. 'यूथ हॉस्टेल्स'च्या गोव्यातल्या सायकल मोहिमा याच प्रकारातल्या, पण सामान्य माणसाच्या खिशाला आणि दमाला झेपणाऱ्या.

तिसरा निधी जमवण्याचा. सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस ही सात दिवसांची, ५४५ मैलांची राइड १९९४ पासून एड्सच्या रुग्णांसाठी पैसा उभा करत होती. तीन दशकांनी, २०२५ मध्ये ती थांबली. सहभागी कमी होत गेले आणि व्यवस्थेचा खर्च वाढत गेला. हजारो माणसांना सात दिवस रस्त्यावर सुखरूप ठेवायला किती पैसा लागतो, याचा हा धडा आहे. 'नुसती सायकल तर चालवायची, एवढी फी कशाला?' असं म्हणणाऱ्यांनी तो ध्यानात ठेवावा.

चौथा प्रकार विचारासाठी किंवा श्रद्धेसाठी निघालेल्यांचा, आणि इथे महाराष्ट्राचं घराणं मोठं आहे. बाबा आमटेंच्या 'भारत जोडो'ची पहिली यात्रा डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाली. शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलवर, आणि पाठीच्या कण्याच्या दुखण्यामुळे बसू न शकणारे सत्तरीच्या घरातले बाबा सोबतच्या गाडीत. पुढे १९८८ मध्ये इटानगर ते ओखा अशी दुसरी यात्रा झाली. पंजाब जळत होता, भाषा-धर्माचे ताण होते, आणि महिनोन् महिने तरुण मुलंमुली परक्या गावात सायकली टेकवून 'आम्ही भेटायला आलो आहोत' असं सांगत होती. सायकलवरून आलेल्या माणसाला लोक घरात घेतात. मोटारीतून उतरलेल्याकडे आधी निरखून पाहतात.

आपले दोन रस्ते

महाराष्ट्रातल्या अनेक दिवसांच्या राइडमध्ये दोन वाटा माझ्या विशेष ओळखीच्या आहेत, आणि दोन्ही वेगळं शिकवतात.

पहिली कोकण किनाऱ्याची. मांडव्याला लाँचने उतरायचं, अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, हर्णै, गुहागर, गणपतीपुळे, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत रेडीवरून गोव्यात शिरायचं. नव्या माणसाला वाटतं, समुद्राच्या कडेचा रस्ता म्हणजे सपाट. नकाशा इथे फसवतो. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्यांनी किनारा जागोजाग खाडीने कापला आहे. प्रत्येक खाडी म्हणजे पठारावरून थेट पाण्यापर्यंत उतार, मग जेटी किंवा पूल, आणि पलीकडे पुन्हा तेवढाच अंगावर येणारा चढ. पंधरा किलोमीटरचा एकच घाट परवडला, एवढे हे दोन-दोन किलोमीटरचे उभे तुकडे दमवतात. घाटात एक लय सापडते. इथे ती सापडेपर्यंत माथा येतो आणि लगेच उतार.

पण याच खाड्यांनी या वाटेला एक देणगी दिली आहे. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड : प्रत्येक जेटीवर पुढच्याला थांबावंच लागतं. पांगलेला जथा बोटीच्या निमित्ताने गोळा होतो. रेवस-रेडी सागरी महामार्गावर या खाड्यांवर पूल येणार आहेत, आणि गावकऱ्यांसाठी ती मोठी सोय असेल. सायकलवाल्यांना मात्र मग थांबण्याच्या जागा स्वतः ठरवाव्या लागतील.

दुसरी वाट पंढरपूरची. नाशिकच्या सायकलप्रेमींनी २०१२ च्या सुमारास सायकल वारी सुरू केली. तीनशेहून अधिक किलोमीटर, वाटेत मुक्काम, आणि पंढरपुरात सायकलींचं रिंगण. पुणे-पिंपरी-चिंचवडचे सायकलस्वार आषाढीच्या आधी दोन दिवसांत पंढरपूरला जाऊन परत येतात. जूनमध्ये पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघालं की पश्चिमेचा पावसाळी वारा पाठीशी असतो. यवत, पाटस, भिगवण, इंदापूर भराभर मागे पडतात आणि आपण फार ताकदवान आहोत असं प्रत्येकाला वाटू लागतं. दुसऱ्या दिवशी परतताना तोच वारा छातीवर घ्यावा लागतो. तेव्हा एकट्याने जाण्यात अर्थ नसतो. एकामागे एक अशी ओळ धरून चाललं तर मागच्याचे पाव ते तिसरा हिस्सा श्रम वाचतात. पुढच्याने दोन-चार मिनिटं वारा खायचा आणि बाजूला होऊन मागे जायचं. ज्याच्यात दम आहे त्याने जास्त वेळ पुढे राहायचं, ज्याचा संपला आहे त्याने विनासंकोच मागे बसायचं. भिगवणच्या उघड्या माळावर ही ओळ सहा जणांची असेल तर सहाही जण घरी पोचतात. दोघं चढाओढीने सुटले, तर उरलेल्या चौघांची संध्याकाळ इंदापूर रस्त्यावरच होते.

तिसऱ्या दिवसाचं शरीर

एका दिवसात शंभर किलोमीटर चालवणं आणि सलग सात दिवस रोज ऐंशी चालवणं यांत मोठा फरक आहे. पहिल्या दिवशी उत्साह चालवतो. दुसऱ्या दिवशी पाय कुरकुरतात. तिसऱ्या दिवशी कळतं की आपण काय तयारी केली आणि काय टाळलं.

सरावाचं सूत्र सोपं आहे. आठ ते बारा आठवडे आधी सुरुवात करावी आणि शेवटच्या महिन्यात लागोपाठचे दोन दिवस चालवावेत. शनिवारी ऐंशी, रविवारी साठ. रविवारच्या साठांत जे दुखतं, तेच राइडच्या तिसऱ्या दिवशी दुखणार. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे, मागून ओढ बसली तर बहुधा वर. करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होत असेल तर हातावर भार जास्त पडतो आहे. पकड बदलत राहावी. जड गिअर रेटण्यापेक्षा हलक्या गिअरवर मिनिटाला ऐंशी-नव्वद फेरे मारले तर गुडघे आठवडाभर साथ देतात.

खाण्याबद्दल आपल्याकडे दोन टोकं दिसतात. कोणी नुसत्या महागड्या जेलच्या पुड्यांवर जगतो, कोणी दुपारी थाळीवर आडवा हात मारतो आणि मग चढावर पोट धरून थांबतो. स्नायू आणि यकृतात साठलेली साखर जोरकस चालवलं तर दीड-दोन तासांत ओसरू लागते. म्हणून भूक लागण्याआधी, दर पाऊण तासाला थोडं खाणं हा नियम. राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, खजूर, केळी, गूळ-शेंगदाणे यांनी काम भागतं. कोकणातल्या दमट हवेत घाम अतोनात जातो. नुसतं पाणी पीत राहिल्याने रक्तातलं मीठ पातळ होऊन गरगरायला लागतं, आणि हे प्रसंगी जिवावर बेतू शकतं. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, ताक, कोकम सरबत, जलसंजीवनीची पुडी यांतलं काहीतरी रोज पोटात गेलंच पाहिजे.

आणि ज्याविषयी कोणी उघड बोलत नाही ते बसण्याचं दुखणं. गादी शिवलेली सायकलची चड्डी थेट अंगावर घालावी, आत दुसरं काही नको. मुक्कामी पोचल्याबरोबर ती बदलावी, धुवावी, अंग कोरडं करावं. दोन चड्ड्या आळीपाळीने. या एका गोष्टीच्या अज्ञानाने जेवढे लोक तिसऱ्या दिवशी टेम्पोत बसलेले मी पाहिले, तेवढे घाटांनी बसवलेले पाहिले नाहीत.

वारीने आधीच सोडवलेला प्रश्न

शेकडो अनोळखी माणसांना दिवसचे दिवस रस्त्याने न्यायचं कसं, हा प्रश्न आयोवाला १९७३ मध्ये पडला. महाराष्ट्राने तो फार आधी हाताळला आहे. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी लावली. दिंड्यांना क्रम आहे, रथापुढे सत्तावीस दिंड्या, बाकीच्या मागे. प्रत्येक दिंडीची भिशी, तिचा ट्रक, तिचे तंबू, तिचा पाण्याचा टँकर. ट्रक पुढे जाऊन तंबू ठोकतो, माणसं मागून चालत येतात. दिंडीतही रचना आहे : पुढे पताका, मग टाळकरी आणि मृदंग, त्यांच्या मागे विणेकरी. ज्याच्या गळ्यात मानाची वीणा, तो टाळकऱ्यांच्या मागून चालतो. टाळकऱ्यांच्या ओळी त्याच्या नजरेसमोर राहतात.

आपल्या राइडमध्ये नेमकं उलट घडतं. सर्वांत अनुभवी आणि तगडा सायकलस्वार पुढे असतो आणि मागे राहायचं काम कुणातरी हौशी पोराच्या गळ्यात पडतं. वास्तविक मागच्या माणसाला जास्त यावं लागतं. तुटलेली चेन जोडणं, वाकलेला डिरेलर एका गिअरवर बांधून सायकल चालती करणं, उन्हाची चक्कर आणि नुसता थकवा यांतला फरक ओळखणं, आणि सगळ्यांत अवघड म्हणजे, दमलेल्या माणसाला ओशाळं न करता सोबत करणं.

धोपाव्याच्या बोटीवरून उतरलं की चढ सुरू होतो. त्या दिवशी शेवटी असलेल्या बाई साताऱ्याकडच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. अर्ध्या चढावर त्या उतरल्या.

"अरे, तू हो पुढे. मी चालत येते."

"धोपाव्यापासून मागे राहायचं काम माझंच आहे, बाई. चला, मीही चालतो. ऊन आहे, सावलीच्या बाजूने घ्या."

वळणाच्या वर जांभा दगडाच्या गडग्याला सायकली टेकवल्या. बाईंचं पुढचं चाक फिरवून पाहिलं, तर ब्रेकचा रबर रिमला घासत होता. सकाळपासून, बहुधा दापोलीपासून, त्या ब्रेक लावूनच चढत होत्या. पाच नंबरच्या पान्याने अर्धा वेढा सैल केला, रबर मध्यावर आणला. चाक मोकळं फिरलं. बाईंनी ते पाहिलं आणि काही न बोलता सायकलवर बसल्या. गुहागरला त्या मधल्या घोळक्यात पोचल्या. त्या हळू आहेत असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. मागे येऊन कोणी चाक फिरवून पाहिलं नव्हतं.

रस्ता कुणाचा, जबाबदारी कुणाची

आयोवाच्या क्रॉफर्ड काउंटीत २००४ मध्ये रस्त्याच्या मधल्या भेगेत चाक अडकून एका सायकलस्वाराचा मृत्यू झाला. नुकसानभरपाईचा दावा झाला, काउंटीला पैसे द्यावे लागले, आणि नंतर तिने काही काळ या राइडला आपल्या हद्दीत बंदी घातली. रस्ता राखणारे, राइड बसवणारे आणि चालवणारे या तिघांत जबाबदारी कशी वाटायची, हा प्रश्न तिथे असा टोकाला गेला.

आपल्याकडे हा प्रश्न विचारलाच जात नाही. 'स्वतःच्या जबाबदारीवर' असं अर्जावर लिहून सही घेतली की आयोजक मोकळा होतो. ही पळवाट आहे. मार्ग आधी गाडीने पाहून येणं, द्रुतगती मार्गासारखे सायकलला बंदी असलेले रस्ते टाळणं, पोलिसांना कळवणं, वाटेतली रुग्णालयं नकाशावर नोंदवणं, १०८ ला फोन कोण लावणार हे ठरवणं, अंधार पडण्याआधी मुक्काम गाठता येईल असेच टप्पे आखणं, ही कामं सहीने आयोजकाच्या अंगावरून उतरत नाहीत.

सहभागी माणसाचीही जबाबदारी आहे. हेल्मेट आणि मागचा लाल दिवा याला पर्याय नाही. समोरच्याच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक बाजूने भिडेल असं चालवू नये. घोळक्यातले पुष्कळ अपघात त्यानेच होतात. पुढच्याने खड्डा पाहिला की हाताने दाखवून 'खड्डा' असं ओरडायचं आणि ती हाक ओळीच्या शेवटापर्यंत जायला हवी. मध्येच एकाने ती गिळली तर मागचा पडतो.

कोण बाहेर राहतं

या हौसेत महागड्या सायकली आणि शहरी मध्यमवर्ग यांचं वर्चस्व आहे, हे मान्य करायला हवं. तालुक्याच्या गावात रोज पंधरा किलोमीटर सायकलवर कॉलेजला जाणारा मुलगा कुठल्याही शहरी हौशी माणसाइतकाच पक्का सायकलस्वार आहे, पण फी, हेल्मेट आणि रजेचा हिशेब त्याला दारातच अडवतो. वारीत भिशी न झेपणाऱ्यालाही कुठे ना कुठे पंगतीत जागा मिळते. प्रत्येक राइडने दहातल्या एका जागेची फी बाकीच्या नऊंत वाटून घेतली, तर कुणाला जड जाणार नाही.

बायकांची संख्या कमी का, याची उत्तरं लोक धैर्य आणि दम यांत शोधतात. माझ्या अनुभवात पहिलं कारण स्वच्छतागृह आहे. ऐंशी किलोमीटरच्या टप्प्यात नीट जागा नसेल तर बायका पाणी पिणंच कमी करतात आणि दुपारी त्यांचं डोकं चढतं, पायात गोळे येतात. मग 'झेपत नाही' असा शिक्का बसतो. मार्ग पाहायला जाणाऱ्या गाडीत एक बाई असली, आणि दर वीस-पंचवीस किलोमीटरला शाळा, पंप किंवा ओळखीचं घर आधी ठरवून ठेवलं, तर राइडचं चित्रच बदलतं. हे जिथे केलं गेलं, तिथे पुढच्या वर्षी बायकांची नावनोंदणी वाढलेली मी पाहिली आहे.

संध्याकाळची सभा

काही वर्षांपूर्वीची एक राइड मला सुटत नाही. आयोजकांचं नाव सांगत नाही, कारण तसं कुणाकडूनही होऊ शकतं. घाटाच्या पायथ्याशी एकोणीस-वीस वर्षांच्या एका मुलाचा डिरेलर तुटला. मदतीचा टेम्पो हॉटेलात खोल्या ताब्यात घ्यायला पुढे गेला होता. मागे कोणी नेमलेलंच नव्हतं. रेंज नव्हती. तो अकरा किलोमीटर सायकल ढकलत अंधारात मुक्कामाला पोचला. रात्रीच्या सभेत दुसऱ्या दिवशीच्या नाश्त्याची वेळ ठरली, दिवसाच्या वेगवान चढाईला टाळ्या पडल्या. मीही टाळ्या वाजवल्या. तो मुलगा किती वाजता आला हे मला माहीत नव्हतं. तो मागच्या रांगेत बसून होता, काही बोलला नाही. सकाळी उठलो तेव्हा तो एसटीने घरी गेला होता.

पालखी सोहळ्यात मुक्कामी रोज समाजआरती होते. सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळमृदंगांचा गजर चाललेला असतो. चोपदार दंड उंचावतो आणि क्षणात सगळं शांत होतं. पण ज्या दिंडीची काही तक्रार आहे, ती टाळ थांबवत नाही. एवढ्या शांततेत तेवढेच टाळ वाजत राहतात. चोपदार त्या दिंडीकडे जातो, म्हणणं ऐकतो, ते मार्गी लागलं की टाळ थांबतात. हरवल्या-सापडल्याची माहिती दिली जाते, आणि मगच आरती होते. दिवसभर चाललेल्या हजारो माणसांसमोर एका छोट्या दिंडीला आपलं म्हणणं मांडता येईल, अशी जागा रोजच्या क्रमातच राखून ठेवली आहे.

त्या मुलाच्या हातात असे टाळ नव्हते.

म्हणून नाव नोंदवण्याआधी आयोजकांना फोन करा आणि तीन गोष्टी विचारा. सर्वांत मागे कोण चालवणार, त्याचं नाव. टेम्पो कुणाच्या मागे असणार. आणि रात्रीच्या सभेत पहिलं कोण बोलणार. आम्ही आमच्या गटात तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ठरवून टाकलं आहे. सभा सुरू करताना त्या दिवशी सर्वांत शेवटी पोचलेल्या माणसाला आधी बोलायला सांगायचं : रस्ता कसा होता, पाणी कुठे संपलं, काय दुखतं, सायकल कशी आहे. त्याचं बोलून होईपर्यंत उद्याचा मार्ग कोणी उघडत नाही. किलोमीटर आणि चढ यांचा हिशेब त्यानंतर होतो.